पाच शब्द शेजारच्या खणात

१

सोमवारी सकाळी विजयमालाबाई वाघमोडे नेहमीप्रमाणे साडेनऊला शुक्रवार पेठेतल्या वाचनालयात पेपर वाचायला गेल्या, तर टेबलावर पेपर नव्हते. किल्ल्यांचा जुडगा पडला होता, आणि जुडग्यामागे ग्रंथपाल संघप्रिया डोळे पुसत बसली होती.

"किल्ल्या अशा उघड्यावर का गं?"

"माझ्याकडं ठेवायच्या नाहीत म्हणून अध्यक्षांनी सांगितलंय, ताई. बुधवारी पाचला कमिटी बसणार आहे. तोवर मी नुसतं बसायचं."

विजयमालाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. रेल्वेच्या टपाल खात्यात चौतीस वर्षं पत्रं सॉर्ट करून त्या निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर माणसं गुडघे सांभाळतात. बाई दुसऱ्यांच्या भानगडी सांभाळायच्या. पेठेत कुणाचं काही हरवलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, की पाय आपोआप त्यांच्या दाराकडे वळत. त्या कधी कुणाला नाही म्हणाल्याचं ऐकिवात नाही, आणि न बोलावता गेल्याचीही दोन-चार उदाहरणं आहेत.

भानगड अशी होती. वाचनालयाची दरवर्षी एक स्पर्धा व्हायची. तीन इंग्रजी अक्षरं द्यायची, आणि ती तिन्ही ज्यांत आहेत असे इंग्रजी शब्द शोधायचे. ज्याचे जास्त तो पहिला. शब्दकोश चालतो, घरी जाऊन शोधलं तरी चालतं, मात्र मोबाइल, संगणक किंवा कुठलंही यंत्र चालत नाही. सकाळी दहाला पाकीट फुटणार आणि दोनपर्यंत यादी पेटीत पडली पाहिजे. यंदा स्पर्धेचं पंचविसावं वर्ष, म्हणून अक्षरं चिटणीस जोतिराम माने यांनी शनिवारी संध्याकाळी खुद्द अध्यक्षांसमोर लिहिली, पाकीट गोंदाच्या ट्यूबनं बंद केलं आणि कपाटात ठेवलं. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक मान्यांकडे, एक संघप्रियाकडे.

रविवारी दहाला पाकीट फुटलं. अक्षरं निघाली जी, एच आणि पी.

"पावणेबारालाच भीमाआत्यानं यादी टाकली," संघप्रिया म्हणाली. "चौऱ्याण्णव शब्द. चैताली मॅडम दरवर्षी पहिल्या येतात, त्या दोनपर्यंत बसल्या, त्यांचे एकाहत्तर झाले. मग कुणीतरी पाकीट उलटं करून बघितलं. त्याची झडप उघडून परत चिकटवलेली आहे, ताई. आणि भीमाआत्या आमच्या गल्लीत राहते, मला लहानपणापासून खेळवलंय तिनं. मग काय, मीच फोडलं म्हणतात."

भीमाबाई गायकवाड अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायच्या. शिक्षण सातवी. सातवी शिकलेल्या बाईनं इंग्रजीच्या क्लासवालीला तेवीस शब्दांनी मागं टाकलं, हे पेठेच्या पचनी पडलं नव्हतं.

"तुझी कायम होण्याची ऑर्डर कधी निघणार होती?"

"याच महिन्यात. आठ वर्षं कंत्राटावर काढली. बुधवारी माझ्यावर ठपका आला, तर ऑर्डर तर जाईलच, परत कुठल्या वाचनालयाच्या दारात कोण उभं करणार?"

"भीमाबाई काय म्हणते?"

संघप्रियानं मान खाली घातली. "तेच तर. ती काहीच बोलत नाही. नुसतं म्हणते, बक्षीस नको, पण पोरीला सोडा. त्यानं तर माझ्यावरचा संशय आणखी पक्का झालाय."

२

अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. "चौकशी करा, पण बुधवारपर्यंत," असं म्हणून त्यांनी पाकीट आणि दोन्ही याद्या विजयमालाबाईंच्या हवाली केल्या. त्यांनाही मनातून हे प्रकरण नको होतं.

बाई आधी चैतालीकडे गेल्या. क्लासची पहिली बॅच नुकतीच सुटली होती, फळ्यावरची वाक्यं तशीच होती.

"मी कुणावर आरोप केला नाही," चैताली म्हणाली. "मी एवढंच विचारलं की हे कसं शक्य आहे. जाण्यायेण्याचा वेळ धरून पावणेदोन तास. त्यात चौऱ्याण्णव शब्द शोधायचे आणि वर सुवाच्य अक्षरात लिहायचे. मला चार तास लागले, आणि माझ्यासमोर तीन शब्दकोश होते."

"मोबाइलवरून उतरवले असतील?"

"आधी तसंच वाटलं. पण मोबाइलवरून उतरवणारा असल्या चुका करेल?" तिनं यादीवर बोट ठेवलं. "फोटोग्राफ, टेलिग्राफ, शॉपिंग, स्पॉटलाइट, सगळं बरोबर. स्पॉटलाइट तर मला सुचलाच नव्हता. आणि मधेच हे पाच बघा. घोस्ट, टफ, थॉट, बॉट, नेबर. यांत जी आहे, एच आहे, पी कुठाय? घोस्टमध्ये पी नाही हे तिसरीतलं पोर सांगेल. स्पॉटलाइट शोधणाऱ्या बाईला ते दिसलं नाही?"

विजयमालाबाईंनी ते पाच शब्द वहीत उतरवून घेतले. चैताली त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आली.

"ताई, खरं सांगू? तिनं हे स्वतः केलं असेल तर मला हरल्याचं काही वाटणार नाही. पण कसं केलं ते कळल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

बाईंना ती पोरगी तिथंच आवडली.

वाचनालयाच्या मागच्या पडवीत शिपाई सिद्धाराम जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चढवत बसला होता. त्याच्या पुढ्यात खळीचा डबा होता. मैदा शिजवून केलेली ती खळ किंचित निळसर दिसत होती.

"निळी कशानं रे?"

"मोरचूद घालतो की. न्हायतर कसर लागतीया पुस्तकास्नी."

बाईंनी पाकिटाची झडप उजेडात धरली. खाली गोंदाचा चकचकीत पट्टा होता, शनिवारचा. त्याच्यावर फिक्या निळ्या रंगाचा जाडसर थर.

"ही तुझीच खळ."

सिद्धाराम दचकला. "माजी हाय, पर म्या न्हाय लावली. आईशपत."

"लावलीस असं कुठं म्हणतेय मी? ही खळ शिजवली कधी?"

"आयतवारी सकाळी. शनिवारी डबा संपला, घासून पालथा घातलाता. आयतवारी नऊला चूल पेटवली, शिजवून हितंच निवाय ठिवली आन् कळशी घिऊन पाण्याला गेलो."

"आणि परत आलास तेव्हा इथं कोण होतं?"

"कोण न्हाय. माने साहेब तेवढं हापिसात बसलंवतं."

बाईंनी वही उघडून दोन ओळी लिहिल्या. शनिवारी या वास्तूत खळीचा थेंब नव्हता. म्हणजे पाकीट उघडलं गेलं ते रविवारी नऊ ते दहाच्या मधल्या तासात. आणि संघप्रिया दर रविवारी नऊला बुद्धविहारात वंदनेला असते हे सगळ्या पेठेला ठाऊक. त्या दिवशी तर ती पावणेदहापर्यंत तिथं मुलांना खाऊ वाटत होती आणि दहाला पाच कमी असताना धावत आली होती.

एक किल्ली विहारात होती. मग दुसरी?

३

जोतिराम माने एरवी वाचनालयात शिरले की त्यांचा आवाज आधी शिरायचा. पंखा का चालू, चपला का आत, यावर ते अर्धा तास बोलू शकत. पण या प्रकरणात त्यांनी दोन दिवस तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, आणि विजयमालाबाईंना तेच पहिल्यापासून खटकत होतं.

"बसा ताई. चहा सांगू का?"

"सांगा. शनिवारी अक्षरं तुम्हीच लिहिली ना?"

"व्हय. साहेबांच्या समोर."

"एकदम समोर?"

"टेबलाच्या त्या बाजूला बसले होते की. आपल्याला काय वेगळं करायचं होतं?" मान्यांनी पंख्याकडे बघितलं. तो जोरात फिरत होता, तरी त्यांनी त्याला काही म्हटलं नाही.

चहा आला. बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि आतली चिठ्ठी बाहेर काढली. चिठ्ठीच्या घडीत पिवळं काहीतरी लागलं होतं. कमिटीतल्या कुणी ते बघून जेवताना हाताला लागलेली हळद म्हटलं होतं. बाईंनी ते बोटावर घेऊन हुंगलं, आणि त्यांना एकदम आपलं मंगळवेढ्याकडचं माहेर आठवलं. मेंढरं चारायला निघण्याआधी वडील बिरोबाच्या नावानं त्यांच्या पाठीवर उधळायचे त्या भंडाऱ्याचा वास. स्वयंपाकातल्या हळदीला असा वास नसतो.

जोतिराम मानेही त्याच बाजूचे. त्यांनी कप उगाच बशीत फिरवला.

बाईंनी चिठ्ठी परत घडी करून ठेवली. "चहा चांगला होता," म्हणाल्या आणि उठल्या. चोराच्या मनात चांदणं असतं, पण समोरचा चोर नव्हता आणि हे बाईंना पक्कं कळत होतं. चोर पिवळी बोटं घेऊन चोरी करत नाही. बुधवारी माणसाला स्वतःहून बोलायची संधी द्यावी असं त्यांनी ठरवलं.

पण त्यानं अर्धंच कोडं सुटत होतं. अक्षरं फुटली नाहीत असं मानलं, तर भीमाबाईची यादी आणखीच अवघड होऊन बसत होती. सातवी शिकलेली बाई, पावणेदोन तास, चौऱ्याण्णव शब्द. कमिटी म्हणणार, पाकीट नाहीतर मोबाइल, काहीतरी लबाडी आहेच. आणि संशय फिरून संघप्रियाच्याच अंगावर.

मंगळवारी दुपारी विजयमालाबाई जेवण करून वही घेऊन बसल्या. घोस्ट, टफ, थॉट, बॉट, नेबर. त्यांनी ते सावकाश लिहून काढले, एकाखाली एक. यांत जी आणि एच आहेत. जी-एचचे शब्द इंग्रजीत पैशाला पासरी. नाइट, लाइट, राइट, एट, वेट, डॉटर, लाफ. चुकायचंच होतं तर यांतला एखादा का नाही आला?

त्यांनी पाची शब्दांची अक्षरं वेगळी मांडली. पाचांच्याही स्पेलिंगमध्ये ओ होता. नाइट, लाइट, डॉटर, लाफ यांच्यात कुणातच नव्हता.

ओ, आणि त्याच्या शेजारी पी.

बाईंचा हात थांबला. नोकरीच्या पहिल्या महिन्यात जेऊरचं पत्र त्यांनी कुर्डुवाडीच्या खणात टाकलं होतं. तेव्हा हेड सॉर्टरनं सांगितलं होतं, पोरी, सॉर्टरचं डोकं चुकलं तर पत्र कुठंही जातं, पण हात चुकला तर शेजारच्याच खणात जातं. चौतीस वर्षांत त्याला एकही अपवाद त्यांना सापडला नव्हता.

हे शब्द कुणी वाचून निवडलेच नव्हते. ते कुठल्यातरी खणांतून आले होते. भीमाबाईच्या घरात ए पासून झेडपर्यंत ओळीनं मांडलेलं सॉर्टिंग होतं, आणि ते अख्ख्या पेठेला माहीत नव्हतं.

बाईंनी चपला घातल्या.

४

भीमाबाई नुकत्याच कारखान्यातून आल्या होत्या. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पलंग. पलंगाखाली चादर सोडलेली.

"जय भीम, भीमाबाई."

"जय भीम. या की, ताई. बसा."

"बसते. पण आधी मला तुमची खणं दाखवा."

भीमाबाईंचा चेहरा पडला. त्या पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. मग खाली वाकल्या आणि चादर वर केली. पलंगाखाली बुटांची खोकी होती. अठरा. प्रत्येकात जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या लावलेल्या, गच्च.

"किती आहेत?"

"नऊ हजाराच्या वर. चौदा वर्सं चाललंय."

विजयमालाबाईंनी एक पट्टी काढून बघितली. खाली सुबक अक्षरात एक इंग्रजी शब्द. वरच्या कडेला ओळीनं सव्वीस भोकं. त्यांतली काही भोकं कडेपर्यंत कापून उघडी केलेली, बाकीची बंद.

"आदी आमच्या कारखान्यात जेकॉटची, म्हंजी नक्षीच्या मागाची, कार्डं असायची," भीमाबाई सांगू लागल्या. "टॉवेलावर हाटेलाचं नाव विणायचं, तर त्याची भोकं पुठ्ठ्यावर पाडायची. भोक आसंल तितं सुई आत जाती, नसंल तितं आडती. मागाला वाचाय येत न्हाय, त्याला भोक कळतं. सतरा वर्सं भोकं पाडली म्या. मग कंप्युटर आला आन् मला घडीला बसवलं. पुठ्ठ्याच्या कोऱ्या पट्ट्या रद्दीत निघाल्या. मालकाला इचारून आनल्या."

"आणि शब्द?"

"वाचनालयातल्या फळ्यावर दर साली ती तीन अक्षरं बगायची मी. वाटायचं, आपल्याला का येऊ न्हाय. पर डोस्क्यात शब्द र्‍हात न्हायत. म्हनलं, डोस्क्यात न्हाय तर पुठ्ठ्यात ठिऊ. रोज कामावरनं आल्यावर डिक्शनरीतला एक-दोन शब्द घ्यायचा, त्यात जी अक्षरं हायत त्यांची भोकं कापायची."

त्यांनी एका खोक्यातल्या पट्ट्या दोन्ही हातांत मावतील तेवढ्या उचलल्या, कडा जमिनीवर आपटून सारख्या केल्या आणि पीच्या भोकातून सायकलची तार आरपार घातली. मग तार वर उचलून हलवली. बहुतेक पट्ट्या तारेला लटकून राहिल्या. ज्यांचं पीचं भोक उघडं होतं तेवढ्या सटासट खाली पडल्या. पडलेल्या गोळा करून एचच्या भोकातून तार, आणखी थोड्या पडल्या. मग जी. शेवटी चटईवर सहा पट्ट्या उरल्या, आणि सहाही शब्दांत तिन्ही अक्षरं होती.

विजयमालाबाई त्या पट्ट्या उलटसुलट करून बघत राहिल्या. चौतीस वर्षं सॉर्टिंग केलं, खात्यात मोठमोठे साहेब बघितले, मुंबईहून आलेली यंत्रं बघितली. एवढं देखणं, एवढं सोपं सॉर्टिंग त्यांनी कुठंही बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"बाई गं, हे तुम्ही कुणाला दाखवलं का नाही?"

"कसं दाखवू? नेमात लिवलंय की, यंत्र चालत न्हाय." भीमाबाईंचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, ह्ये शब्दांचं पुस्तकच हाय, तसं वापरावं. यादी टाकली आन् मग रातभर वाटत र्‍हायलं, तार हाय, भोकं हायत, मागाची कार्डं हायत. ह्ये यंत्रच की. म्या लबाडी केली. बक्षीस नको म्हनाले ते त्यापायी. पर त्यानं संघीवर आळ येईल आसं कुटं ठावं हुतं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. लबाडी शोधत हिंडणाऱ्या पेठेत सगळ्यांत कडक हिशेब घेणारी बाई आरोपीच निघाली होती.

"पाच शब्द चुकलेत तुमचे, कळलं का? ओच्या जागी पी कापलाय."

भीमाबाईंनी क्षणभर विचार केला. "व्हय. भोकं कापायचा नमुना हाय माजा. त्यातली ओ आन् पीच्या मदली भिंत फाटलीती. हात घसरायचा. नवा नमुना करंस्तवर काई कार्डं तसलीच झाली. आन् उतरवताना म्या वाचून बगितलं न्हाय. तारंवर इस्वास."

"बुधवारी पाचला खोकी घेऊन या."

"यंत्र ठरलं तर?"

"तर ठरेल. पण पोरगी सुटेल."

भीमाबाईंनी लगेच मान हलवली. "मग येते."

५

बुधवारी कमिटीच्या खोलीत अध्यक्ष, जोतिराम माने आणि इतर दोघं बसले होते. चैतालीला बोलावलं होतं. संघप्रिया दाराशी उभी होती, बस म्हटलं तरी बसली नाही. सिद्धारामनं हातगाडीवरून अठरा खोकी आणून भिंतीशी लावली होती. भीमाबाई त्यांच्या शेजारी, पदर घट्ट धरून.

विजयमालाबाई उठल्या.

"आधी पाकीट. ते ज्या खळीनं चिकटवलंय ती रविवारी नऊनंतर शिजली. त्या तासात संघप्रिया विहारात होती, पन्नास माणसं सांगतील. तेव्हा पाकीट तिनं उघडलं नाही. ज्यानं उघडलं त्यानं अक्षरं चोरली नाहीत, कारण त्याला ती आधीपासून माहीतच होती. त्यानं चिठ्ठीला भंडारा लावला." त्या थांबल्या. "पुढचं मी सांगणार नाही. ज्याचं त्यानं सांगावं."

 जोतिराम माने उभे राहिले.

"मी उघडलं. चोवीस वर्षं मी चिठ्ठीला भंडारा लावूनच पाकीट बंद करतोय. आमच्यात नव्या कामाला देवाचं नाव लागतंच की. शनिवारी साहेब समोर बसले होते. साहेबांना असलं काही आवडत नाही, म्हणून लाजलो. रात्री घरी जीवाला लागलं, पंचविसावं वर्ष आणि तसंच गेलं. सकाळी येऊन लावला, पडवीतली खळ घेतली, चिकटवलं. दुपारी बोभाटा झाला तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर हसतील. मग एक दिवस गेला, दुसरा गेला, आणि तोंड उघडायचं अवघडच होत गेलं." ते दाराकडे वळले. "पोरी, तुझी आठ वर्षं माझ्या लाजेपायी जात होती. मला कळत होतं, तरी गप बसलो. ह्याला माफी पुरत नाही."

 संघप्रियानं भिंतीला पाठ टेकवली आणि लांब श्वास सोडला.

"आता यादी," विजयमालाबाई म्हणाल्या. शेजारच्या खणाची गोष्ट त्यांनी सगळी सांगितली, ओ आणि पीची. मग भीमाबाईंना खूण केली.

भीमाबाईंनी तार घेतली. पहिल्यांदा पट्ट्या पडल्या तेव्हा अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. दुसऱ्यांदा ते टेबलाला वळसा घालून आले, आणि तिसऱ्यांदा हे निवृत्त हेडमास्तर फरशीवर मांडी घालून पट्ट्या वेचत होते. कुणीतरी म्हणालं, आर, डब्ल्यू आणि के करा बरं. भीमाबाईंनी ते केलं. मग दुसरं कुणी म्हणालं, व्ही आणि झेड. तेही झालं. वीस मिनिटं सभा सभा राहिली नाही.

शेवटी अध्यक्ष भानावर आले आणि कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. "अद्भुत आहे, यात शंका नाही. पण नियम नियम आहे. यंत्र चालत नाही. हे यंत्र आहे की नाही?"

भीमाबाईंनी मान खाली घातली. "मलाबी तसंच वाटतंय, साहेब."

"मी बोलू?" चैताली म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. भीमाबाई बाद झाल्या तर पहिलं बक्षीस तिचं होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "सर, माझ्याकडे तीन शब्दकोश होते. त्यातले शब्द मी ओळीनं लावले नव्हते. कुणीतरी आयुष्य घालवून लावले, मी दुकानातून विकत आणले. ते यंत्र नाही म्हणता. मग यांनी चौदा वर्षं कामावरून येऊन, एकेक शब्द स्वतः वाचून, स्वतः कापून जो शब्दकोश केला, तो यंत्र कसा? माझा विकतचा आहे, यांचा हातचा आहे. फरक असलाच तर यांच्या बाजूनं आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. चाळीस वर्षं शिक्षक असलेल्या माणसाला विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आलं की होतो तो आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

"चौऱ्याण्णवातून पाच वजा. एकोणनव्वद. पहिला क्रमांक भीमाबाई गायकवाड. संघप्रियाच्या ऑर्डरवर मी आजच सही करतो."

जोतिराम मान्यांनी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला. तो संघप्रियाच्या हातात द्यायला ते स्वतः दारापर्यंत गेले. आपली कपाटाची किल्लीही त्यांनी त्याच जुडग्यात अडकवून दिली.

माणसं उठू लागली, पण भीमाबाई उठेनात. त्या खोक्यांतून काहीतरी शोधत होत्या.

"आता काय राहिलं?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"त्ये पाच. चुकीचं घरी न्हेनार न्हाय मी."

सिद्धारामनं न सांगता खळीचा डबा आणून ठेवला. भीमाबाईंनी पाची पट्ट्यांवर पीच्या भोकाची कापलेली कड पुठ्ठ्याचा तुकडा लावून जोडली, ओची कापून उघडली आणि पट्ट्या पंख्याखाली वाळत ठेवल्या. सगळे थांबले. कुणालाच घरी जायची घाई राहिली नव्हती.

वाळल्यावर त्यांनी पाची पट्ट्या यादीतल्या बाकी मूठभर पट्ट्यांत मिसळल्या, कडा सारख्या केल्या आणि तार विजयमालाबाईंपुढे धरली. "तुमी घाला, ताई. चूक तुमी वळीकली."

विजयमालाबाईंनी पीच्या भोकातून तार घातली. चौतीस वर्षांच्या सवयीनं हात स्थिर होता. त्यांनी तार वर उचलली आणि हलवली. पट्ट्या खाली पडल्या. संघप्रियानं वाकून त्या गोळा केल्या आणि एकेक वाचून दाखवली. फोटोग्राफ, पॅराग्राफ, शॉपिंग, अपराइट. सगळ्या बरोबर होत्या.

मग भीमाबाईंनी वर तारेकडे बघितलं. घोस्ट, टफ, थॉट, बॉट, चौघं लटकून होते. त्यांच्या मधोमध, नव्या ठिगळाला धरून, नेबरही होता.